खांबातली यादी

पाइपाचं तोंड उघडं सोडलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, तुम्ही रस्त्यानं माणसांकडे बघतच नाही, पाइपांकडे बघता. खरं आहे. कुणाच्या गच्चीवर टीव्हीच्या अँटेनाचा खांब, कुणाच्या अंगणात कपडे वाळत घालायचे दोन खांब, कुठल्या शाळेच्या मैदानात झोपाळा. बाहेरून दरवर्षी रंग, एकदम चकाचक, आणि वरचं तोंड आभाळाकडे आ वासलेलं. पाऊस सरळ आत. आत गेलेलं पाणी जाणार कुठे? बुडाशी साचतं आणि पाइप आतून खात बसतं. एक दिवस वारा सुटतो, खांब आडवा होतो आणि मालक म्हणतो, लोखंडच खराब आलं. लोखंड खराब नव्हतं रे बाबा. पत्र्याची एक गोल टिकली कापून वर डकवायचा तुला कंटाळा आला.

मी वेल्डर. आयटीआय करून आधी सातपूरला एका गेट-ग्रिलच्या वर्कशॉपमध्ये होतो, अठ्ठ्याहत्तर सालापासून ओझरला विमानाच्या कारखान्यात. पाइप बंद करण्यात माझा हात धरणारा नाशिक जिल्ह्यात कुणी नाही, असं मी चारचौघांत म्हणत असे. आता म्हणत नाही. का म्हणत नाही ते सांगतो.

त्र्याहत्तर सालची गोष्ट. नाशिकरोडहून देवळाली कॅम्पकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची वसाहत, चाळीसेक घरं, सगळी बौद्ध. विहाराला जागा मिळाली होती, पण जागा म्हणजे नुसता खडक आणि बाभळी. त्यात दुष्काळ. आई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि तिथून सुटली की घरी न येता थेट विहाराच्या जागेवर जायची, उरलेल्या उजेडात तिथलेही दगड फोडायची. बाकीच्या बायकाही यायच्या, आठवड्यातून दोनदा, गप्पा मारत घमेली उचलायच्या. आई रोज. सलग चार महिने. झेंड्याच्या खांबाचा खड्डा कमरेइतका खोल होता, खडकातला, आणि तो निम्म्याहून जास्त तिनं एकटीनं पहारीनं काढला. त्यात तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख गेलं, ते पुन्हा कधी धड आलं नाही.

माझे वडील मी सात वर्षांचा असताना गेले. तेव्हापासून आईला नाव उरलं नव्हतं. रेशनकार्डावर नाव माझं, घराच्या कागदावर माझं. दुष्काळी कामावर हजेरी मांडणाऱ्यानं पहिल्या दिवशी नाव विचारलं तेव्हा शेजारची नवसाबाई मध्येच बोलली, "मोतीरामची आई." त्यानं तेच लिहिलं. चार महिने ती रोज सकाळी त्या नावाला "हाय" म्हणत होती. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "मोती, मी मेले तरी मोतीरामची आई मेली म्हणतील. शकू कवा मेली, ते कुणाला कळायचं बी नाय."

मी हसलो. बावीस वर्षांचा होतो, मला तेव्हा सगळ्याचंच हसू यायचं.

खांबाच्या पोटात नावांची यादी ठेवायची, ही कल्पना चिमाजी भाऊसाहेबांची. ते कचेरीत कारकून होते. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव फुटपट्टीसारखा. विहार समितीचे सेक्रेटरी तेच. इमारतीच्या पायात ताम्रपट पुरतात, तसं आपण खांबात यादी ठेवू, ते म्हणाले. ज्यांनी हातभार लावला त्यांची नावं. शंभर वर्षांनी कुणी खांब काढेल, तेव्हा त्याला कळेल हे कुणी उभं केलं.

आईनं हे ऐकलं आणि तिच्या डोक्यात ते पक्कं बसलं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती भाऊसाहेबांच्या दारात गेली. तिनं आजवर कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. पदर सारखा करून म्हणाली, "भाऊसाहेब, यादीत माझं नाव शकुबाई लिवा. मोतीरामची आई नका लिवू."

भाऊसाहेब लिहीतच होते. मान वर न करता म्हणाले, "तुमच्या घरचं नाव आलंय शकुबाई. काळजी करू नका."

आई खूश झाली. मीही झालो. त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच मला अजून झोंबतं.

खांबाचा पाइप कॅम्पातल्या लिलावातून आलेला. खाली जाड, मध्ये त्याहून बारीक, वर दोन इंची, असे तीन तुकडे मी एकात एक घालून जोडले. जस्ताचा मुलामा असलेला पाइप, वेल्डिंग करताना पांढरा धूर निघतो आणि दुसऱ्या दिवशी ताप भरतो. धूर बाधू नये म्हणून आईनं गुळाचा खडा हातावर ठेवला. "खा आन् मग जाळ," म्हणाली. काम बघायला निम्मी वसाहत जमली होती. काचेआडून मला फक्त माझा टाका दिसत होता, पण लोक बघताहेत हे पाठीला कळत होतं. असा फुगलो होतो की विचारू नका.

यादीचा कागद भाऊसाहेबांनी मेणकापडात गुंडाळून पत्र्याच्या लांबट डब्यात घातला. डबा आत आपटू नये म्हणून कापड हवं होतं. आई धावत घरी गेली आणि तिच्या हिरव्या लुगड्याचा पदराकडचा तुकडा फाडून घेऊन आली. डबा त्यात बांधून मला देताना भाऊसाहेब म्हणाले, "मोतीराम, एकदा उघडून वाचून घे. तू सीलबंद केलंस की मग कुणाला बघता येणार नाही."

हे त्यांनी सांगितलं होतं. मी कबूल करतो.

मी म्हणालो, "तुमचं लिहिलेलं काय तपासायचं भाऊसाहेब?" आणि डबा पाइपात हातभर आत ढकलला. वीज जायच्या आत मला बूड बंद करायचं होतं, आतला कागद तापू नये म्हणून पाइपावर ओलं पोतं गुंडाळून तयार होतं, लोक बघत होते. कागद वाचायला दोन मिनिटं लागली असती.

बुडाला जाड पत्रा मारला. मग वरची टिकली. आता यात एक गोम असते. दोन्ही तोंडं बंद होत आली की आतली हवा तापते आणि शेवटच्या टाक्यातून फुस्सकन बाहेर पडते, तिथे सुईएवढं भोक राहतं. बहुतेकांना ते दिसत नाही, आणि त्याच भोकापायी दहा-बारा वर्षांनी खांब पडतो. मी एक बारीक भोक मुद्दाम ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाइप थंडगार असताना त्यात खिळा ठोकला आणि एका टाक्यात विषय संपवला. साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा नाही. भाऊसाहेबांना म्हणालो, "यात आता मुंगीचा श्वाससुद्धा जायचा नाही."

बुद्धपौर्णिमेला खांब उभा राहिला. आईनं झेंड्याला हात जोडले आणि मग वाकून खांबाच्या बुडाशी, जिथे खाली डबा होता बरोबर त्याच्यावर, हात लावला.

त्यानंतर तेरा वर्षं ती रोज सकाळी तिथे जायची. उन्हातान्हात, पावसात. पुढे मला ओझरला नोकरी लागली, ती सगळ्यांना सांगायची, "माझा लेक इमानं डकवतो," आणि लगेच पुढे, "पर पैल्यानं माझं नाव डकवलं त्यानं. त्या खांबात हाय." नव्या सुना वसाहतीत आल्या की त्यांना ती खांब दाखवायला न्यायची. त्या आपसांत हसायच्या, मला माहीत आहे. हसू देत. एवढ्या वर्षांत मी आईला एकच गोष्ट दिली होती आणि ती तिला पुरली होती.

एकोणऐंशी साली विहारात प्रौढ शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. आई महिनाभर गेली, पाटीवर स्वतःचं नाव लिहायला शिकली आणि जायची थांबली. बाई विचारायला घरी आल्या, पुढची अक्षरं शिकायची नाहीत का? आई म्हणाली, "एवढंच लागत हुतं. खांब उघडला तर वळखू यायला पायजे ना." त्या बाई हसल्या, मीही हसलो. शंभर वर्षांनी उघडायचा खांब, आणि ही बघायला बसणार.

शहाऐंशी साली रस्ता रुंद करायचं निघालं आणि खांब नेमका त्यात आला. समितीनं ठरवलं, जुना काढू आणि आत, विहाराच्या पायरीशी, नवा उंच खांब उभारू. बुद्धपौर्णिमेलाच जुना खांब उघडू आणि यादी सगळ्यांसमोर वाचू. भाऊसाहेब आता निवृत्त झाले होते, पण सेक्रेटरी अजून तेच. त्यांनी घरोघर निरोप पाठवला. आईनं दोन दिवस आधी लुगडं धुऊन घडी करून ठेवलं. सत्तरीला टेकली होती. मला म्हणाली, "पाणी गेलं नसंल ना रे आत? कागद कुजला तर?"

मी म्हणालो, "आई, ते माझं काम आहे."

खांब गॅसनं कापायला निघाले होते, मी कापू दिला नाही. आत कागद आहे, करवतीनं कापा म्हटलं, आणि शेवटी मीच बसलो. बूड कापून वेगळं झालं. आत हात घातला, तर कोरडंठाक. तेरा पावसाळे झाले होते, आणि आतला जस्ताचा मुलामा दुकानातून आणल्यासारखा. लुगड्याचा तुकडा बाहेर काढला, हिरवा गर्द. बाहेर राहिलेलं लुगडं विटून, फाटून, त्याची गोधडीसुद्धा जुनी झाली होती आणि हा तुकडा अजून नवा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, याला म्हणतात वेल्डिंग! मी कपाळाचा घाम पुसला. शेवटचा आनंद माझ्या वाट्याचा तेवढाच.

भाऊसाहेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना बारीक दिसत नव्हतं. त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "तूच बंद केलंस, तूच वाच." समोर माईक. पुढच्या सतरंजीवर आई, शेजारी नवसाबाई. आईनं मांडीवर तो हिरवा तुकडा घेतला होता आणि तिचं तोंड असं उजळलं होतं की मला तिच्याकडे बघवेना.

मी वाचायला लागलो. एक, कोंडाजी. दोन, झुंबर. तीन, फकिरा. अक्षर खरंच मोत्यासारखं, शाई जराही फुटली नव्हती. दहाव्या नावाला मला शंका आली. पंधराव्याला खात्री पटली. सगळे पुरुष. कधी खड्ड्याकडे फिरकले नाहीत ते पुरुष, गावाला होते ते पुरुष. एकोणीस, मोतीराम, आणि त्यापुढे कंसात "वेल्डिंग विनामूल्य". कागद पाण्यानं जायला हवा होता, वाळवीनं खायला हवा होता, असं मला त्या क्षणी वाटलं. माझ्याच हातानं मी तो इतका जपून ठेवला होता.

अडतीस नावांवर यादी संपली. खाली तारीख आणि सही. मी आईकडे पाहिलं. ती वाट बघत होती.

मी म्हणालो, "एकोणचाळीस. शकुबाई."

माईकमधून माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघू लागले. मला वाटलं, निभावलं.

आई उठली. नवसाबाईचा हात धरून पायऱ्या चढली आणि माझ्यापुढे येऊन म्हणाली, "दाव."

"काय?"

"माझं नाव. बोट ठेव त्याच्यावर."

मी बोट ठेवलं. कुठे ठेवलं मला कळलं नाही, ठेवून झाल्यावर दिसलं की ते माझ्याच नावावर आहे. आई वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग माझं बोट बाजूला केलं आणि तो न वाढलेल्या नखाचा अंगठा वरच्या नावापासून एकेका ओळीवरून खाली नेत गेली, शेवटपर्यंत.

"ह्यात नाय," ती म्हणाली.

तिचा अंगठा पुन्हा वर, मी बोट ठेवलं होतं तिथे गेला.

"ज्यावर बोट ठेवलंस, ते कुनाचं हाय?"

"माझं, आई."

भाऊसाहेब पुढे आले. माणूस वाईट नाही. आजही म्हणणार नाही. म्हणाले, "शकुबाई, घरटी एक नाव घ्यायचं ठरलं होतं. घराच्या कर्त्याचं. तुमच्या घरचं मोतीरामचं घेतलं. मी तेव्हाच तुम्हाला बोललो होतो, घरचं नाव आलंय म्हणून."

"व्हय," आई म्हणाली. "बोलला हुतात."

नवसाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे शकू. आमचं बी कुनाचं नाय. एका बी बाईचं नाय."

आई तिला म्हणाली, "तुमी मागितलं नव्हतं. मी मागितलं हुतं."

मग ती माझ्याकडे वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "बाबा, डबा तुझ्या हातात दिला हुता. तुला तर वाचाया येतं. तू बघितलं नव्हतंस व्हय?"

"नाही."

"येवढा मोठा खांब बंद केलास," ती म्हणाली, "आन् आत काय घातलं ते बघितलं नाय."

ती खाली उतरली, हिरवा तुकडा घडी करून कमरेला खोचला आणि घरी गेली. कार्यक्रम पुढे चालू राहिला. वंदना झाली, खीर वाटली. मी तिथेच माईकशेजारी उभा होतो आणि जो तो येऊन मला सांगत होता की काम काय पक्कं केलंस, मानलं तुला.

चार दिवसांनी भाऊसाहेब घरी आले. हातात नवा कागद. डोळ्यांना त्रास होत असताना त्यांनी स्वतः बसून लिहिला होता, अक्षर थोडं मोठं, पण तसंच सुरेख. पहिलं नाव शकुबाई. पुढे सगळ्या बायकांची, मग पुरुषांची. म्हणाले, "समितीनं मान्य केलंय. नव्या खांबात हा ठेवू. मोतीराम बंद करील, तसाच."

आई तांदूळ निवडत होती. कागद घेतला, अंगठा पहिल्या नावावर ठेवला. ओळखलं. तिच्या तोंडावर काही उमटलं नाही. तेरा वर्षं जे उमटायचं ते कुठे गेलं, मी शोधत राहिलो.

"झ्याक लिवलंय," ती म्हणाली. "पर खांबात नका घालू. भितीवर लावा. भाईर."

"बाहेर?" भाऊसाहेब म्हणाले. "अहो, पहिल्याच पावसात जाईल तो. खांबात शंभर वर्षं टिकेल. मागचा बघितलात ना?"

"बघितला," आई म्हणाली. "भाईर लावा. गेला तर गेलेला दिसंल तरी."

भाऊसाहेबांनी कागद विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर चिकटवला. जूनमध्ये शाई फुटली, ऑगस्टमध्ये कागद गेला. भिंतीवर खळीचे चार डाग राहिले. आई ते बघायला गेली नाही. खांबाकडे ती परत कधीच गेली नाही, आणि माझा लेक इमानं डकवतो, हेही तिनं त्यानंतर कुणाला सांगितल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

नवा खांब मीच बंद केला. लोकांना वाटलं होतं मी नाही म्हणेन. पण उघडा पाइप मला बघवत नाही, मग तो कुणाचा का असेना. बूड, टिकली, बारीक भोक, सकाळचा खिळा, सगळं तसंच. टिकली डकवण्याआधी मात्र मी पाइपाच्या तोंडाशी डोळा लावून बसलो, बॅटरी मारून आत बघत. लोक म्हणाले, आता काय बघतोस?

घरी आलो तेव्हा आई दारात बसली होती. हातावर गुळाचा खडा ठेवला नाही. विचारलं, "केलास बंद?"

"केला."

"आत काय हाय?"

"काही नाही."

"बघितलंस?"

"बघितलं, आई."

ती उठून आत गेली आणि माझं ताट वाढलं.